वेठबिगार मुक्ती आणि पुनर्वसन योजना: कायद्याला साडेचार तारे, कचेरीला दीड

ही सेवा ज्याच्यासाठी आहे तो माणूस अर्ज घेऊन कधीच कचेरीत येत नाही. रायगड, ठाणे, पालघरमधल्या कातकरी वाडीवरून तो दिवाळीनंतर बिऱ्हाडासकट वीटभट्टीवर जातो आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततो. आपण वेठबिगार, म्हणजे उचलीपायी अडकून राबणारा मजूर, आहोत असं त्याला स्वतःलाही वाटत नसतं. 'शेठचा बयाणा (हंगामाआधीची उचल) अंगावर आहे,' एवढंच तो सांगतो. म्हणून हे परीक्षण त्याच्या वतीने धावपळ करणाऱ्यांसाठी आहे: वाडीवरच्या शाळेचे गुरुजी, आशाताई, संघटनेचे कार्यकर्ते, तालुक्याच्या कोर्टातला नवखा वकील.

आधी कायदा. वेठबिगार पद्धत निर्मूलनाचा कायदा 1976 चा, पण त्याचा अंमल 25 ऑक्टोबर 1975 च्या वटहुकमापासून धरला जातो. इतका नेमका कायदा गरिबांच्या वाट्याला क्वचितच येतो. कलम 6 म्हणतं, वेठबिगारीचं कर्ज बुडालं, वसुलीचा दावाच चालणार नाही. कलम 9 त्यापुढे जातं: असं बुडालेलं कर्ज मालकाने परत घेणं हाच गुन्हा, तीन वर्षांपर्यंत कैद. कलम 15 प्रमाणे हे वेठबिगारीचं कर्ज नाही हे सिद्ध करायची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर, मजुरावर नाही. आणि कलम 14 मधली गोष्ट तर वकिलांच्याही ध्यानात नसते: मुक्त मजुरावर कुणी वसुलीचा दावा ठोकलाच, तर त्याची बाजू कोर्टात लढवणं हे या कायद्याखाली जिल्ह्यात आणि उपविभागात नेमायच्या दक्षता समितीचं काम आहे. अर्धा तारा कापला तो शिक्षेसाठी. दंडाची कमाल मर्यादा 2,000 रुपये. 1976 साली ती जड असेल. आज एक ट्रक वीटसुद्धा त्याहून कितीतरी महाग जाते. शिवाय गुन्हा दखलपात्र असला तरी जामीनपात्र, त्यामुळे मालक संध्याकाळी घरी.

पैशाचा भाग केंद्राच्या पुनर्वसन योजनेत येतो. 2016 ची योजना सुधारून 27 जानेवारी 2022 पासून नवी लागू झाली. सुटका झाल्यावर लगेच 30,000 रुपयांपर्यंत मदत. पुढे प्रौढ पुरुषाला 1 लाख, स्त्रिया आणि मुलांना 2 लाख, आणि देहविक्रय, लैंगिक शोषण, तस्करी अशा अत्यंत वाईट स्थितीतून सोडवलेल्या स्त्रिया व मुलं, तसंच अपंग आणि तृतीयपंथी व्यक्तींना 3 लाख. सगळा पैसा केंद्राचा, राज्याने निम्मा घालायची अट नाही. तातडीची मदत अडू नये म्हणून प्रत्येक जिल्ह्यात किमान 10 लाखांचा कायमचा निधी ठेवायचा आहे. घरासाठी जागा, शेतजमीन, रेशन, मुलांचं शिक्षण हे वेगळं. योजनेला साडेतीन तारे. कापलेले दीड कशासाठी, ते पुढे येईलच.

या सगळ्याची किल्ली एका कागदात आहे: मुक्तता दाखला. जिल्हाधिकारी किंवा प्रांत (उपविभागीय अधिकारी) यांच्या सहीचा हा दाखला नसेल तर 30,000 नाहीत, लाख नाहीत, आणि कर्ज माफ झाल्याचा पुरावाही नाही. आणि तिथेच कचेरी मार खाते. सरकारच्या जुन्या तक्त्यात महाराष्ट्रात ओळख पटलेले वेठबिगार 1,404 होते, तमिळनाडूत 65,573. महाराष्ट्रात वेठबिगार कमी होते असं यावरून कुणी म्हणत असेल, तर त्याने जानेवारीत भिवंडी-वाडा रस्त्याला एकदा उतरून पाहावं. ओळखलेच गेले नाहीत, तर दाखला कुणाला देणार?

ओळखायचं कसं

साखळी दिसली की यंत्रणा हलते. 2023 च्या जूनमध्ये धाराशिव जिल्ह्यात विहिरी खोदायला नेलेल्या मजुरांना रात्री साखळदंडाने बांधून ठेवल्याचं उघड झालं आणि पोलिसांनी त्यांना सोडवलं. त्यात कुणाला शंका घ्यायला जागा नव्हती. बयाण्यात साखळी दिसत नाही. तहसीलदार भट्टीवर येतो, बायका चुलीवर भात शिजवताना दिसतात, पोरं खेळताना दिसतात, आणि तो शेरा मारतो: 'मजूर स्वखुशीने काम करीत आहेत.'

कायद्याला साखळी लागतच नाही. उचल किंवा आगाऊ रक्कम घेतली, आणि तिच्यापायी पुढच्या चारांपैकी एक जरी गोष्ट घडली तरी पुरे: मजुरी नाही किंवा नाममात्र, दुसरीकडे काम धरायची मोकळीक नाही, मनाला येईल तेव्हा जायची-यायची मोकळीक नाही, आपलं श्रम वा माल बाजारभावाने विकायची मोकळीक नाही. चारही लागतात हा कचेरीतला फार जुना गैरसमज आहे. त्यात सर्वोच्च न्यायालयाने 1982 च्या एशियाड मजुरांच्या निकालात सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवणं हीसुद्धा घटनेच्या कलम 23 खालची सक्तमजुरीच. पुढे बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यात असंही ठरलं की सक्तीने राबवलं जातंय हे दिसलं की त्यामागे उचल आहे असं गृहीत धरायचं. नसेल तर ते मालकाने दाखवावं.

आता वही उघडू. भट्टीवरच्या प्रत्येक जोडप्याचा हिशेब एका खिशातल्या वहीत असतो. ती शेठकडे किंवा मुकादमाकडे, मजुराकडे नाही. समजा बयाणा 40,000, तो भर पावसाळ्यात किंवा गणपतीच्या सुमारास दिलेला, जेव्हा वाडीवर चूल पेटायची मारामार असते. हंगाम 24 आठवड्यांचा, दर आठवड्याच्या बाजाराला खर्ची 1,500, झाले 36,000. अंगावर एकूण 76,000. जोडप्याने आठवड्याचे सहा दिवस रोज 800 विटा पाडल्या, तर 1,15,200 विटा. हजारी, म्हणजे हजार विटांची मजुरी, 650 धरली तर 74,880 रुपये. म्हणजे जवळजवळ फिटलं. पण अवकाळी पावसात 15,000 कच्च्या विटा भिजल्या, त्या मजुराच्या खाती: 9,750 वजा. उरले 65,130. हंगाम संपला आणि अंगावर 10,870 बाकी. ही बाकी पुढच्या वर्षीच्या बयाण्याला जोडली जाते, आणि त्याच शेठकडे जाणं ठरून जातं.

हाच हिशेब उलटा मांडला की प्रकरण उभं राहतं. 144 दिवस, दोन माणसं, म्हणजे 288 मनुष्यदिवस. 65,130 ला 288 ने भागा: दिवसाला माणशी 226 रुपये. 2024-25 मध्ये रोजगार हमीचा राज्यातला दर 297 होता. आणि भट्टीवरचा दिवस पहाटे अंधारात सुरू होतो. आठ तासांचा हिशेब तिथे कुणी ठेवत नाही. चिखल तुडवणारं, विटा उलटवणारं पोर तर या भागाकारात धरलेलंच नाही. तक्रारीसोबत हे एक पानाचं गणित जोडा. प्रांतांना 'शोषण' हा शब्द रोज ऐकायला मिळतो, भागाकार मिळत नाही.

मालकांची बाजूही खोटी नाही. मुकादम तीन भट्ट्यांकडून पैसे उचलतो आणि गायब होतो, हे खरंच घडतं. आगाऊ पैसे देणं हाच मुळी गुन्हा, असंही कायदा म्हणत नाही. पण उचल दिली म्हणून माणूस अडवून ठेवता येत नाही. तेवढी एक रेघ आहे, आणि ती ओलांडल्याशिवाय धंदा चालत नाही असं जो मालक सांगतो त्याने आपलाच कबुलीजबाब दिला.

तक्रार, छापा, जबाब

लेखी तक्रार जिल्हाधिकारी आणि प्रांत दोघांना द्या, प्रत पोलीस अधीक्षकांना, आणि पोच म्हणून शिक्का-तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. त्यात कुटुंबवार प्रत्येकाचं नाव आणि वय, मूळ वाडी, भट्टी नेमकी कुठे (मोबाइलवरचं ठिकाण आणि जवळची खूण), कधी आणले, बयाणा किती, कुणाच्या हातून, खर्ची किती, आणि निघून जायचा प्रयत्न केला तेव्हा काय झालं. शेवटचा मुद्दा सर्वांत वजनदार. 'मजुरी थकली आहे' हे पहिलं वाक्य असेल तर प्रकरण वेतनाचा वाद म्हणून कामगार कार्यालयाकडे ढकललं जातं आणि तिथेच मुरतं. मजुरीचा उल्लेख असावा, पण दुसऱ्या परिच्छेदात.

भट्टीचं नाव कचेरीत फोनवर आधी सांगू नये. भेटीच्या आदल्या रात्री टेम्पो भरून माणसं दुसऱ्या भट्टीवर हलवल्याची उदाहरणं सगळ्या तालुक्यांत मिळतील. पथकात महसूल, पोलीस, कामगार अधिकारी आणि महिला पोलीस हवेत. बिऱ्हाडं मावतील असं वाहन आधीच ठरवलेलं हवं. ते नसलं की 'आज जबाब घेतो, उद्या नेतो' होतं, आणि उद्या भट्टीवर कुणी सापडत नाही. निघताना आधार, रेशन कार्ड, भांडी, आणि कोंबड्यासुद्धा बरोबर घ्यायच्या. हसू नका. मागे राहिलेल्या चार कोंबड्या आणायला माणूस परत भट्टीवर जातो आणि तिथे त्याच्याकडून कोऱ्या कागदावर अंगठा घेतला जातो. हिशेबाची वही पंचनाम्यात जप्त करून घ्या. ती नंतर सापडत नाही.

जबाब भट्टीवर घेऊच नये. शेठ दिसत नसला तरी मुकादम दहा पावलांवर उभा असतो, आणि तो बहुतेक वेळा मजुराच्या नात्यातलाच असतो. नवरा-बायकोचे जबाब वेगळे घ्या. बोली समजणारं कुणी जवळ असू द्या. प्रश्न कसा विचारला यावर निकाल ठरतो. 'तुम्हाला इथे काही त्रास आहे का?' याचं उत्तर 'नाही सायेब' असंच येतं. त्याऐवजी विचारा: पलीकडच्या भट्टीवर हजारी जास्त मिळाली तर जाल का? का नाही जाणार? गावी मयत झाली तर सगळं घर जातं, की एक माणूस मागे ठेवावा लागतो? आजारी पडलात तो आठवडा खर्ची मिळाली का? वही तुम्ही कधी पाहिली? या पाच उत्तरांत कायद्याचे चारही मुद्दे येतात.

मग येते तडजोड. ठाण्यात किंवा कचेरीत शेठ येतो, म्हणतो साहेब, बयाणा सोडला, वर पाच हजार देतो, जाऊ द्या त्यांना. सगळ्यांनाच बरं वाटतं, मजुरालाही. या एका क्षणात कुटुंबाचे लाखो रुपये जातात, कारण दाखला निघत नाही. सोडायला तो बयाणा आता त्याचा उरलेलाच नाही, तो कलम 6 ने आधीच बुडाला आहे, हे तिथल्या तिथे मोठ्याने सांगणारा माणूस खोलीत हवा.

दाखला हातात घेऊन वाचा

सही झाली म्हणून लगेच घडी घालू नका. दाखल्यावर नाव, वय, मूळ पत्ता, भट्टीचं ठिकाण, मालकाचं नाव, किती काळ राबले, कर्जाची रक्कम आणि ते कलम 6 प्रमाणे संपुष्टात आल्याचा स्पष्ट उल्लेख हवा. खाली तारीख, जावक क्रमांक, गोल शिक्का. जावक क्रमांक नसलेला दाखला पुढच्या टेबलावर 'आमच्या दफ्तरी नोंद नाही' म्हणून परत येतो.

सर्वांत महाग चूक इथे होते. वहीत नाव पुरुषाचं असतं, कारण बयाणा त्याच्या हातात दिलेला असतो, म्हणून दाखलाही त्याच्याच नावाने निघतो. बायको 'व कुटुंब' मध्ये जाते. विटा दोघांनी पाडल्या, पण योजनेत पुरुषाला 1 लाख आणि तिला 2 लाख. तिच्या नावाचा स्वतंत्र दाखला नसेल तर घरातली मोठी रक्कमच बुडाली. राबणाऱ्या मुलांचंही तेच. 2022 मध्ये इगतपुरी तालुक्यातली कातकरी मुलं किरकोळ पैशांवर नगर जिल्ह्यातल्या मेंढपाळांकडे राबायला दिल्याचं एका दहा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूनंतर बाहेर आलं. अशा मुलांच्या बाबतीत 1098 ही मुलांची हेल्पलाइन आणि बाल कल्याण समिती लागतेच, पण म्हणून मुक्तता दाखला विसरायचा नाही. बालमजुरी आणि वेठबिगारी या दोन फायली एकाच मुलाच्या असू शकतात.

गुन्हा नोंदवताना नुसता 1976 चा कायदा लावू दिला तर जामीन ठरलेला. मजूर आदिवासी किंवा अनुसूचित जातीचा आणि मालक दोन्हींपैकी कुणी नसेल, तर ॲट्रॉसिटी कायद्याचं कलम 3(1)(एच) नेमकं वेठबिगारीसाठीच आहे. त्यात अटकपूर्व जामीन नाही आणि तपास पोलीस उपअधीक्षकाकडे जातो. त्याची भरपाई पुनर्वसन योजनेहून वेगळी असते. फसवून किंवा धाकाने आणलं असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम 143, मानवी तस्करीचं, किमान सात वर्षांचं. ठाण्यात टाळाटाळ झाली तर 14566 या ॲट्रॉसिटी हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. वकिलासाठी विधी सेवेची हेल्पलाइन 15100; वेठबिगारीचा बळी असणं हाच मोफत विधी साहाय्याचा निकष आहे, उत्पन्नाचा दाखला मागू देऊ नका.

आता योजनेचे कापलेले दीड तारे. 30,000 खटल्याच्या निकालावर अवलंबून नाहीत. मोठी रक्कम मात्र वेठबिगारी सिद्ध होण्याला बांधलेली आहे. निकाल लागला नाही म्हणून प्रस्ताव अडवू नका असं योजनेतच लिहिलंय, पण अंतिम वाटप पुरावा आणि न्यायालयीन प्रक्रियेनंतर. खटला रखडतो, साक्षीदार पुढच्या दिवाळीला दुसऱ्या भट्टीवर गेलेले असतात, आणि मालकाचा माणूस वाडीवर येऊन बसतो. याला उपाय कायद्यातच होता: कलम 21 प्रमाणे कार्यकारी दंडाधिकाऱ्याला हे खटले स्वतः संक्षिप्त पद्धतीने चालवायचा अधिकार देता येतो. तो वापरात दिसत नाही. दुसरी खोट अशी की स्त्रीच्या 2 लाखांतले सव्वा लाख वार्षिकी योजनेत (ठरावीक काळाने रक्कम देणाऱ्या ठेवीत) आणि 75,000 खात्यात असा वाटा 2016 पासून ठरलेला आहे. हेतू चांगला, पण खातंच नाही किंवा आधार जोडलेलं नाही तिथे दोन्ही अडकतात. म्हणून सुटकेनंतरच्या पहिल्या पंधरवड्यात खातं, जातीचा दाखला, रेशन कार्ड आणि जॉबकार्ड ही चार कामं तालुक्यालाच उरकून घ्यावीत. कातकरी ही राज्यातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक असल्याने पीएम-जनमन या अशा जमातींसाठीच्या केंद्राच्या योजनेच्या शिबिरात ही कागदपत्रं एका ठिकाणी होऊ शकतात.

मजूर दुसऱ्या जिल्ह्यातला किंवा राज्यातला असेल, तर दोन कचेऱ्या एकमेकींकडे बोट दाखवतात. रायगडचे कातकरी कोळसा पाडायला कर्नाटकात जातात, तिथे हे हमखास होतं. दाखला जिथे सापडले तिथलाच घ्यायचा, आणि गाडी सुटण्याआधी. घरी पोचल्यावर मागून पाठवतो म्हटलेला दाखला येत नाही.

काम नीट केलेली माणसं नाहीत असं नाही. जुन्या ठाणे जिल्ह्यात 1982 पासून श्रमजीवी संघटनेने हाच कायदा हातात घेऊन मुक्तता घडवून आणल्या. तिचे संस्थापक विवेक आणि विद्युल्लता पंडित यांना 1999 चा आंतरराष्ट्रीय गुलामीविरोधी पुरस्कार त्यासाठीच मिळाला. पण संघटना पाठीशी असेल तरच चालणारी सेवा ही सेवा म्हणून अर्धीच. म्हणून कचेरीला दीड.

दाखला नाकारला किंवा फाइल थांबली तर राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे जा. वेठबिगारीवर देखरेख ठेवायचं काम सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्येच आयोगाकडे दिलं आहे. फी नाही, तक्रार मराठीत चालते, पण घटनेपासून एका वर्षाच्या आत. त्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयात माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाका, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. दारिद्र्यरेषेखालच्या मजुराने स्वतःच्या नावाने केला तर तेवढेही नाहीत. विचारा: जिल्हा आणि उपविभागीय दक्षता समितीवर सध्या कोण आहेत, त्यांत कायद्याप्रमाणे अनुसूचित जाती-जमातीचे तीन आणि दोन समाजसेवक आहेत का, शेवटच्या दोन बैठकांचं इतिवृत्त, पुनर्वसन निधीत आजची शिल्लक, गेल्या तीन वर्षांत किती दाखले दिले, त्यांत स्त्रिया किती. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. बऱ्याच रकान्यांत 'निरंक' लिहून येईल. तो कागद फाडू नका, आयोगाच्या तक्रारीला पहिलं सहपत्र म्हणून तोच जोडा.